दहा हजारांत ऑनलाइन गिटार : काय मागवावं आणि खोकं आल्यावर काय तपासावं

प्रश्न चिपळूणहून आला आहे. मुलगी बारा वर्षांची, गळा बरा आहे, आता गाण्यासोबत गिटार वाजवायची आहे. गावात गिटारचं धड दुकान नाही, म्हणून ऑनलाइन मागवायची. बजेट दहा हजार, थोडं इकडेतिकडे चालेल. कोणतं मॉडेल घ्यावं, सोबत काय काय लागेल आणि आपण फसणार तर नाही ना, असं त्या वडिलांनी विचारलं आहे. मी पुण्यात गिटार दुरुस्तीचं आणि सेटअपचं काम करतो. हल्ली माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याचशा गिटारी ऑनलाइन घेतलेल्याच असतात, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

लोकांना भीती असते ती नकली गिटार येण्याची. नावाजलेल्या म्युझिक शॉपच्या साइटवरून घेतलीत तर ते सहसा होत नाही. होतं ते असं, की गिटार अस्सल असते, पण कारखान्यातून निघाल्यापासून तिला कुणाचाही हात लागलेला नसतो. चांगल्या दुकानात विक्रेता गिटार काढतो, सुरात लावतो, चार कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) वाजवून बघतो, तारा फार उंच असतील तर आतल्या माणसाकडे देतो. ऑनलाइन व्यवहारात सीलबंद खोकं गोदामातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून तुमच्या दारात येतं. शेवटचा हात मारायचा राहून गेलेलं वाद्य तुम्हाला मिळतं. तो हात म्हणजे सेटअप, मानेचा बाक आणि तारांची उंची जुळवण्याचं काम, आणि त्याचे हजार-दीड हजार रुपये दहा हजारांतूनच बाजूला काढा. एवढं मान्य असेल तर ऑनलाइन खरेदीत घाबरण्यासारखं काही नाही.

आता मॉडेल. आपल्याकडे साइटवर गिटार इंचांत विकतात : ३८ इंची, ३९ इंची, ४१ इंची. हा आकडा वाद्याच्या एकूण लांबीचा असतो, वाजवणाऱ्याच्या हाताला त्याचा फारसा उपयोग नाही. बघायचं ते स्केल, म्हणजे नट (डोक्याजवळची खाचांची पट्टी) ते सॅडल (अंगावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ही तारेची वाजणारी लांबी. ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. ६५० मिमी हे पूर्ण मोठं माप. यामाहाच्या एफ ३१० चं स्केल ६३४ मिमी आहे. फरक सोळा मिलिमीटरचाच, पण त्यामुळे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंचित जवळ येतात, ताणही थोडा कमी होतो आणि लहान बोटांना ते जाणवतं. नटची रुंदी ४३ मिमीच्या आसपास असावी. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची मान ५२ मिमी असते. तारा मऊ म्हणून लोक मुलांना तीच घेतात आणि मग पंजा पुरत नाही. मुलीला गाण्याबरोबर कॉर्ड वाजवायच्या आहेत, म्हणून स्टीलच्या तारांचीच घ्या.

तीन-चतुर्थांश मापाची घ्यावी का? सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी हो म्हणालो असतो. बाराव्या वर्षी नको, दोन वर्षांत ती अपुरी पडते. मात्र दुकानात सर्रास मिळणारा ड्रेडनॉट हा आकार अंगाने मोठा असतो. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने तो १९१६ मध्ये पहिल्यांदा बनवला आणि त्याला ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं. आवाज मोठा, पण लहान मुलाचा उजवा खांदा वर उचलला जातो. कॉन्सर्ट किंवा फोक या नावाने थोडी लहान, कमरेत निमुळती गिटार मिळत असेल तर ती आधी पाहा.

तुमच्या पैशांत मी एफ ३१० किंवा तिच्याखालचं एफ २८० सुचवेन. कोर्टची एडी ८१० हीसुद्धा त्याच पंगतीतली. किमती सतत हलतात, सणासुदीच्या सेलमध्ये उतरतात, म्हणून आकडा आज बघा. कॅडेन्स, व्हॉल्ट अशा भारतीय ब्रँडच्या गिटारीही माझ्याकडे येतात. त्यातल्या काही चांगल्या निघतात, पण एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक जास्त आढळतो. आणि दूर राहून मागवणाऱ्याला सगळे नग सारखे असणं फार मोलाचं असतं. यामाहाची शिफारस मी आवाजापेक्षा याच कारणासाठी करतो. तीन हजारांच्या आतल्या, रंगीबेरंगी, ३८ इंची गिटारींच्या वाटेला जाऊ नका. त्यांत बऱ्याचदा ट्रस रॉड नसतो किंवा असून फिरत नाही. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आतली सळई. मान तारांच्या ताणाने वाकली की ती फिरवून सरळ करता येते. ती नसेल तर वाकलेली मान सरळ करायचा सोपा, स्वस्त उपाय माझ्याकडे नाही.

सॉलिड टॉप हवा का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण साइटवर दोन तास घालवलेत की पडेलच. गिटारचा वरचा पत्रा एकसंध लाकडाचा असेल तर सॉलिड टॉप, पातळ थर चिकटवलेला असेल तर लॅमिनेट. सॉलिडचा आवाज जास्त खुलतो हे खरं, यामाहात तो एफजी ८०० आणि एफएस ८०० पासून मिळतो. पण तुमच्या बजेटात तो बसत नाही, आणि चिपळूणसाठी मला त्याचं वाईटही वाटत नाही. एकसंध लाकूड हवेतला ओलावा जास्त पितं, फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. कोकणच्या पावसाळ्यात, एसी नसलेल्या घरात, नव्या शिकाऊ मुलीच्या हाती लॅमिनेट टॉपची गिटार जास्त सुखात राहते.

लाकडांच्या नावांकडे तर फार लक्ष देऊच नका. या किमतीत ‘रोझवूड’ म्हणजे बहुधा वरचा पातळ पापुद्रा. एक गंमत सांगतो : ब्राझीलचं रोझवूड मिळेनासं झाल्यावर १९६९ मध्ये मार्टिनने आपल्या भारतातल्या शिसवीकडे, म्हणजे भारतीय रोझवूडकडे, मोर्चा वळवला आणि तेव्हापासून जगातल्या बऱ्याच महागड्या गिटारींच्या पाठी या लाकडाच्या झाल्या. २०१७ मध्ये या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर बऱ्याच कंपन्या फिंगरबोर्डसाठी (मानेवरची, जिच्यावर बोटं दाबतात ती फळी) अक्रोड, लॉरेल अशा लाकडांवर गेल्या होत्या. म्हणून जुन्या फोटोत गडद फिंगरबोर्ड दिसला आणि घरी आलेल्या गिटारचा फिकट निघाला, तर लगेच नकली म्हणून ओरडू नका.

‘सेमी-अकौस्टिक’ असं लिहिलेल्या गिटारमध्ये पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे पोहोचवणारा भाग) आणि बॅटरीवर चालणारा इक्वलायझर असतो. स्टेजवर वाजवायची वेळ येईपर्यंत त्याची गरज नाही. त्या पैशांत साधी पण बरी गिटार येते.

कुठून घ्यायची? सगळं काही विकणाऱ्या मोठ्या साइटपेक्षा फक्त वाद्यं विकणारं दुकान केव्हाही बरं. मुंबईच्या धोबी तलावचं फुर्टाडोज १८६५ पासूनचं, तेही आता ऑनलाइन विकतं. बजाओसारखी मुळातच ऑनलाइन असलेली दुकानंही आहेत. मोठ्या साइटवरूनच घ्यायची असेल तर विक्रेत्याचं नाव बघा, तो त्या ब्रँडचा अधिकृत डीलर आहे का ते कंपनीच्या साइटवर ताडून पाहा. बिल त्याच नावाने यायला हवं, वॉरंटी त्यावरच चालते. ऑर्डर देण्याआधी दुकानाला फोन करून दोन गोष्टी विचारा : कंपनीच्या खोक्यावर दुसरं खोकं घालून पाठवता का, आणि पाठवण्याआधी सेटअप करून देता का. काही दुकानं थोडे जास्त पैसे घेऊन करून देतात. फोनच उचलला गेला नाही तर तेही उत्तरच आहे. परतीची मुदत किती आणि पैसे परत मिळतात की फक्त बदली नग मिळतो, हे वाचून स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहकांच्या पंचतारांकित शेऱ्यांवर मी फारसा विसंबत नाही, कारण बहुतेक शेरे खोकं उघडलं त्या संध्याकाळी लिहिलेले असतात. सहा महिने वाजवून लिहिलेला एखादा सापडला तर तो नीट वाचा.

खोकं आलं की खरं काम सुरू होतं. कोपरा दबलेला किंवा खोकं फाटलेलं असेल तर ते हातात घेण्यापूर्वीच फोटो काढा. उघडताना एकसलग व्हिडिओ करा, त्यात पत्त्याचं लेबल दिसू द्या. मग गिटार उजेडात घेऊन बसा. तपासणी त्याच दिवशी करायची, रविवारी गिटारवाल्या सरांना दाखवू म्हणून थांबायचं नाही.

पहिली नजर डोक्याच्या मागच्या बाजूला, नटच्या पाठीमागे जिथे मान बारीक होते तिथे. खोकं उभं पडलं की गिटार तिथेच तडकते. केसाएवढी रेघ दिसली तर ती पॉलिशवर नखाने चाचपून बघा, अंगठ्याने हलका दाब देऊन ती उघडते का पाहा. मग मान अंगाला जिथे जोडलेली असते त्या टाचेपाशी फट नाही ना, ते बघा. त्यानंतर ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा, आत जाता कामा नये. ब्रिजच्या मागे टॉपला थोडा फुगवटा असतो, तो चालतो. फूटपट्टी आडवी ठेवल्यावर ती सरळसरळ डोलायला लागली तर चालत नाही.

आता फोनवरच्या ट्यूनर ॲपने गिटार सुरात लावा आणि मानेचा बाक बघा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान अंगाला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मध्ये, सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. तार पूर्ण टेकली तर मान मागे वाकलेली, मोठी फट दिसली तर पुढे. दोन्ही ट्रस रॉडने सुधारतं, पण पाना स्वतः फिरवू नका.

मग ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. त्यासाठी घरातली एटीएम कार्डं काढा. प्रमाणित कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, फक्त उठावाची अक्षरं नसलेली सपाट कार्डं घ्या. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली तीन कार्डं आरामात जावीत, चार जात असतील तर तार उंच आहे. पहिल्या, बारीक तारेखाली दोन जावीत. तिथे तीन जात असतील तर तीही उंच आहे. नव्या गिटारीत हे जवळजवळ ठरलेलं असतं, घाबरू नका. सॅडल खालून घासून ते उतरवता येतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायला सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, हे गणित माहीत नसलेला माणूस तुमच्या गिटारला हात लावणार असेल तर त्याला थांबवा.

आणि ज्याच्याकडे कुणीच बघत नाही तो नट. डोक्याजवळची ही पांढरी पट्टी, तिच्या खाचांतून तारा जातात. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावा. तिथे कागदाच्या जाडीएवढी फट पुरते. बहुतेक नव्या गिटारींत ती त्याच्या कितीतरी पट असते, कारण कारखाने खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, जास्त कोरली गेली तर पट्टीच बदलावी लागते म्हणून. शिकाऊ माणूस पहिलं वर्षभर पहिल्या तीन फ्रेटवरच वाजवतो, आणि नट उंच असला की नेमकी तिथेच तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. बोटं सोलतात, एफची कॉर्ड लागतच नाही. शिवाय दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. मोकळ्या सहाही तारा ट्यूनरवर बरोबर, तरी सी कॉर्ड बेसूर, अशी तक्रार घेऊन पालक येतात आणि मुलीचा कानच नाही असं ठरवून मोकळे झालेले असतात. अर्ध्या तासाचं काम असतं, सहा खाचा कोरायच्या. ‘बोटं दुखतात’ म्हणून सोडून दिलेल्या गिटारींतली निम्मी तरी मी या एका गोष्टीवर लावीन.

शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहा, कुठे खरखर येते का. बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर जवळजवळ एकच हवेत. खुंट्या फिरवून बघा, अडकतात का.

परत काय पाठवायचं आणि सेटअपला काय न्यायचं, ते नीट ओळखा. मानेला तडा, टाचेची फट, उचकटलेला ब्रिज, पिळवटलेली मान, फिरत नसलेला ट्रस रॉड : त्याच दिवशी तक्रार टाका आणि परत पाठवा, दुकानाने अर्धे पैसे देऊ केले तरी ठेवू नका. उंच तारा, उंच नट, थोडा बाक, एखाद्या फ्रेटची खरखर : ठेवा आणि सेटअप करून घ्या. त्यासाठी रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पुण्याची एक फेरी पडेल. ती नव्या तारांसोबत एकदाच करा.

दुकान दाद देत नसेल तर ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असलंच पाहिजे, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. तरी हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी तुमचं काम रत्नागिरीत होतं.

आता सोबतच्या वस्तू. ‘कॉम्बो’ घेऊ नका. त्यातलं कव्हर पावसात टिकत नाही, तारा बिननावाच्या असतात आणि कॅपोची (सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चापाची) स्प्रिंग ढिली. गिटार सुटी घ्या आणि मोजक्या वस्तू निवडून घ्या. सगळ्यात आधी तारांचा एक संच. या किमतीच्या बऱ्याच गिटारी .०१२ च्या संचासह येतात (हा आकडा सगळ्यात बारीक तारेच्या इंचांतल्या जाडीचा). त्याचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो. मुलीसाठी .०११ किंवा .०१० चा घ्या आणि सेटअप त्याच तारांवर करून घ्या. समुद्राजवळच्या दमट हवेत साध्या तारा लवकर गंजतात, म्हणून एलिक्सिरसारख्या लेप दिलेल्या तारांना दुप्पट पैसे गेले तरी त्या परवडतात. नामांकित तारांच्या नकला बाजारात फार आहेत, अनोळखी विक्रेत्याची अर्ध्या किमतीची ऑफर सोडून द्या. स्टीलच्या तारा क्लासिकल गिटारवर कधीच चढवू नका, ती याच्या जेमतेम निम्म्या ताणासाठी बनलेली असते आणि ब्रिज उखडतो.

दुसरा कॅपो, आणि आपल्याकडे तो चैनीचा नाही. इंग्रजी गाण्यांच्या धड्यांत सगळं सी, जी, डी मध्ये चालतं. आपल्या मुली हार्मोनियमवर काळी चार, काळी पाचमध्ये गातात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सी च्या कॉर्ड काळी एकमध्ये बोलतात, डी च्या काळी दोनमध्ये, जी च्या काळी चारमध्ये, ए च्या काळी पाचमध्ये. राहिली काळी तीन, तिच्यासाठी डी च्या कॉर्ड आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर. पांढरी चार हवी असेल तर डी आणि तिसरा फ्रेट. एवढ्यावर घरातलं कोणतंही भावगीत तिच्या गळ्याच्या पट्टीत बसतं. कॅपो घेताना स्टीलच्या गिटारचा, किंचित गोलाईचा घ्या. क्लासिकलचा सपाट कॅपो मधल्या तारा नीट दाबत नाही.

ट्यूनर फोनमध्ये फुकट आहे. तरी डोक्याला चिकटणारा क्लिप ट्यूनर घ्या, कारण तो लाकडाच्या कंपनांवर चालतो आणि शेजारी पेटी-तबला सुरू असतानाही बरोबर दाखवतो. त्यात ४४० हा आकडा, म्हणजे ट्यूनर ज्या सुराला धरून मोजतो त्याची कंपनसंख्या, बदलता येतो का बघा. घरची जुनी पेटी बऱ्याचदा त्यापेक्षा थोडी वर किंवा खाली असते आणि पेटी काही हलत नाही, गिटारलाच तिच्याकडे जावं लागतं. पिक पातळ, ०.६० ते ०.७३ मिमीचे. बॅग जाड फोमची. पट्टा आत्ता नको, बऱ्याच स्वस्त गिटारींना तो अडकवायचं दुसरं बटणच नसतं.

हवेचं शेवटी सांगतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, जुलैत तुमच्या घरात ती ८५ च्या पुढे जाईल. ओलावा शोषणारी आणि गरजेनुसार परत सोडणारी दुहेरी पाकिटं मिळतात, पण चेन लावलेल्या कापडी बॅगेत आणि कोकणच्या हवेत ती आठवड्यांत संपतात. त्यापेक्षा सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या बॅगेत ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरा. ओल येणाऱ्या भिंतीला गिटार टांगू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात ठेवू नका, सरस मऊ होऊन ब्रिज सुटतो. वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसायची सवय मुलीला लावा, खोबरेल वगैरे काही लावू नका. आणि ऑगस्टमध्ये टॉप थोडा फुगून तारा उंच वाटायला लागल्या, तर लगेच कुणाकडून सॅडल घासून घेऊ नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा कार्डं लावून मोजा, बहुतेक वेळा उंची आपोआप उतरलेली असते.